बिननिळीचं पांढरं

गिरणीच्या रंगखात्यात मी चाकरी करतो असं सांगितलं की लोक माझ्या नखांकडे पाहतात. नखं स्वच्छ दिसली की त्यांची निराशा होते. मग मी सांगतो की मी पांढऱ्या रंगाचा माणूस आहे. यावर बहुतेक जण हसतात. पांढरा हा रंग असतो, तो करावा लागतो आणि करताना बिघडतो, हे आमच्या खात्याबाहेर फारसं कुणाला पटत नाही.

मागावरून उतरलेलं कापड पांढरं नसतं. ते मातकट असतं आणि त्याला कांजीचा आणि तेलाचा वास असतो. आम्ही ते सोड्याच्या भट्टीत उकळतो, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढतो, मग सौम्य तेजाबातून, म्हणजे आम्लातून, आणि मग धूधू धुतो. इतकं करूनही त्यात पिवळेपणाची एक छटा उरते. ती मारायला शेवटच्या पाण्यात नीळ घालतात. घरी बायका घालतात तीच. नीळ नेमकी पडली तर कापड चांदण्यासारखं दिसतं, जास्त पडली तर नेसणारा माणूस आजारी वाटतो. आणि ब्लीचिंग जास्त झालं तर कापड दिसतं सुंदर, पण सूत मेलेलं असतं. दोन धुण्यांत धोतर गुडघ्यावर फाटतं.

कुठे थांबायचं, एवढंच या धंद्यातलं ज्ञान. बाकी सगळी हमाली.

आमच्या खात्यात उत्तरेकडे एक मोठी खिडकी आहे. प्रत्येक घाणीतला, म्हणजे एका खेपेच्या मालातला, पहिला तागा वाळवून त्या खिडकीत दोरीवर टाकायचा, सगळ्यांनी मागे सरायचं आणि मास्तरांनी पाहायचं, अशी रीत. मास्तर म्हणाले "उतरवा", की घाणी पास. हा शब्द खात्यात दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. डोक्यावरची पाटी खाली घ्यायची असली तरी आमचे मजूर "नीचे लो" म्हणत, "उतारो" म्हणत नसत. मी मुंबईहून रंगकामाची पदविका घेऊन उज्जैनला आलो तेव्हा मला हा प्रकार पोरकट वाटला होता. आज तो शब्द माझ्याकडे आहे आणि पुढच्या दसऱ्याला तो मी आमच्या खात्यातल्या रशीदच्या हाती देणार आहे. म्हणून हे लिहायला बसलो. तो माझ्याकडे कसा आला ते रशीदला ठाऊक आहे, कारण तो तिथेच होता. पण ते माझ्या तोंडून आणि माझ्या चुकीसकट सांगितलं जावं, असं वाटतं.

तेव्हाचे मास्तर म्हणजे नारायणराव. आम्ही त्यांना नाना म्हणत असू आणि मजूर उस्ताद म्हणत. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फरासखान्यात, म्हणजे तंबू-गालिचे सांभाळणाऱ्या खात्यात होते. अशा घरातला हा मुलगा ऐन उमेदीत भैरवगढला छीपांकडे छपाई शिकायला जाऊन बसला, तेव्हा घरच्यांनी त्याचं ताट वेगळं मांडलं होतं म्हणे. नाना ही गोष्ट अभिमानानं सांगत. स्वभावानं ते गर्विष्ठच होते. कोट, काळी टोपी, हातात काठी, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"नाना, हे पास का झालं?" असं मी सुरुवातीला विचारलं, तर म्हणाले, "झालं म्हणून झालं. तू पाहत रहा ना. पाहून पाहून येऊन जाईल."

मी दहाबारा वर्षं पाहत राहिलो. बरंचसं आलंही. पण का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते शब्दांत ठाऊक नव्हतं. डोळ्याला ठाऊक होतं, तेवढं त्यांना पुरत होतं.

आता घाटाच्या मालाबद्दल सांगायला हवं. रामघाटावरचे पंडे आमच्याकडून धोतरं घेत. त्यांची अट एकच: नीळ नको. निळीचं वस्त्र पूजेला, श्राद्धाला चालत नाही. यजमानाला क्षिप्रेत उभं करून पिंडदान करवायचं, तर अंगावरचं वस्त्र बिननिळीचं हवं. हा माल सगळ्यांत अवघड. निळीचा आधार न घेता पांढरं करायचं म्हणजे ब्लीचिंग अगदी काठावर नेऊन थांबवायचं. एक पाऊल अलीकडे राहिलं तर पिवळं, पलीकडे गेलं तर मेलेलं सूत. नाना ते करत. घाटावर आमच्या गिरणीचं नाव होतं ते या मालामुळे. पंडे ताग्यावरची मोहोर पाहत आणि डोळे मिटून माल घेत.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं. गिरणीच्या फाटकावरचं सरकार बदललं तरी खिडकी उत्तरेलाच होती. मग नवे कायदे आले आणि अहमदाबादहून नवे मॅनेजर आले, शहासाहेब. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा नियम लागे. संस्थानी काळात आमच्याकडे माणूस रिटायर होत नसे. तो हळूहळू विरत जाई. आधी सकाळचाच यायचा, मग बाजाराच्या दिवशी सुट्टी घ्यायचा, मग नुसताच येऊन बसायचा आणि एक दिवस यायचा नाही. तोवर त्याच्या शेजारी उभा राहणारा उमेदवार तयार झालेला असे. शहासाहेबांनी वयाची अट घातली: साठ झाली की हार, नारळ, नमस्कार.

नानांनी साठ ओलांडली होतीच. पण घाटाचा माल आणि त्यांचं नाव, म्हणून साहेबांनी त्यांना तूर्त राहू दिलं होतं. "जोवर डोळा आहे तोवर," असं ते म्हणाले होते.

आणि डोळाच जात होता.

मला ते कळलं नानांच्या घरी. काकूंनी चहा ठेवला आणि सहज म्हणाल्या, "हल्ली यांचं काय चाललंय कळत नाही. रोज विचारतात, दूध पिवळं का येतं गं? म्हशीचं आहे, तर म्हणतात गाईचं घातलंय." मी कप खाली ठेवला. गेले काही महिने खात्यात काय बिघडतंय ते मला त्या क्षणी कळलं. मोतीबिंदू पिकताना डोळ्यातल्या भिंगाला पिवळसर झाक येते. नानांना सगळं जगच जरा पिवळं दिसत होतं. म्हणून साध्या मालाला ते "अजून नीळ" सांगत होते, आणि घाटाच्या मालाला "अजून एक ब्लीच".

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी हार आला असता. मी मनाशी म्हणालो, नानांचा मान राहू दे. आज इतक्या वर्षांनी तपासून पाहतो तर त्या मानाआड माझी भीतीही होती. नाना गेल्यावर खिडकीपाशी मला उभं राहावं लागलं असतं, आणि मला फक्त पाहून आलेलं होतं.

मी रशीदला बाजूला घेतलं. रशीद भैरवगढच्या छीपांपैकी, नाना ज्यांच्याकडे शिकले त्यांच्याच घरचा. निळीच्या टाकीवर असे. तोंडानं तिखट.

"उस्ताद नीळ जास्त सांगतील. तू घालू नकोस. नेहमीचीच घाल," मी म्हणालो.

"और वो देखेंगे तो?"

"तागा जरा लांब टांग. सकाळचं टाळून दुपारी दाखव."

"मतलब उस्ताद को उल्लू बनाना है।"

"सांभाळायचंय, रशीद."

"हाँ, आप पढ़े-लिखे लोग इसको सँभालना बोलते हो।"

साध्या मालाचं असं निभावलं. घाटाच्या मालानं मात्र पकडलं. नानांनी त्या ताग्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिवळं आहे. परत घाल ब्लीचमध्ये." ताग्याचं सूत आधीच काठावर आलं होतं. मी आत नेऊन नुसतं पाण्यातून काढून परत आणलं. "अजून पिवळंय." पुन्हा नेलं. पुन्हा तेच. माणसं थांबलेली, भट्टी तापलेली. तिसऱ्या खेपेला मी रशीदच्या हातातल्या डब्यातून चिमूटभर नीळ घेतली आणि स्वतःच्या हातानं पाण्यात टाकली. रशीदनं फक्त डबा मागे घेतला.

नानांनी ताग्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "हां. आता झालं. उतरवा."

त्यानंतर घाटाच्या प्रत्येक घाणीत ती चिमूट पडत राहिली.

पंडे फसत नाहीत. एक दिवस रामघाटाचे गंगागुरू गिरणीच्या फाटकावर आले. थोराड, उघडे, खांद्यावर उपरणं, आणि काखेत पितळेची परात. सरळ रंगखात्यात आले. शहासाहेब मागोमाग धावत आले. गंगागुरूंनी परात खाली ठेवली. तळाशी थोडं पाणी होतं, आणि त्या पाण्याखाली पितळेवर निळ्या भुकटीची एक बारीक रेघ बसलेली होती.

"यो कई है, मास्टर सा'ब?" ते नानांना म्हणाले. "रात भर धोती भिगोई। सबेरे नील बैठी मिली। म्हारा जजमान बाप का पिंड दे गया इस में।"

शहासाहेबांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला. "महाराज, ये असली नील नहीं है। शास्त्र में जो नील है वो पौधे की। ये तो कारखाने का पावडर है।"

"सेठ, नील तो नील। थें म्हारे मती सिखाओ।"

नाना खाली वाकले. परातीत बोट घातलं आणि ते डोळ्यांजवळ आणलं. खूप जवळ. मी बाजूलाच होतो. त्यांच्या बोटावर निळी रेघ स्पष्ट होती आणि ते ती शोधत होते. मग त्यांनी बोट जिभेला लावलं, अंगठ्यावर घासलं, आणि ताठ झाले.

"नीळच आहे," ते म्हणाले. टोपी काढून हातात घेतली. त्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "गुरुजी, माझ्या हातून गेलंय. हा माल मी पास केलाय. सगळा परत घेतो."

गंगागुरू गेले. शहासाहेब नानांकडे न पाहता मला म्हणाले, "दत्तात्रय, शाम को केबिन में आना।" हार कधी मागवायचा, एवढंच आता ठरायचं होतं.

खातं रिकामं झाल्यावर मी नानांना सगळं सांगितलं. दुधापासून चिमटीपर्यंत. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

मग म्हणाले, "मोतीबिंदू देवानं दिला. अंधारात मात्र तू ठेवलंस."

"नाना, मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते राहू दे. कापड चांगलं आहे म्हणून तू मला खोटं दाखवत राहिलास. या खात्यात मी चाळीस वर्षं एवढंच शिकवलं का? पाहून पाहून हेच आलं का तुला?"

पण जाता जाता ते जे म्हणाले, त्यानं पुढचं घडलं. दारात थांबून म्हणाले, "चूक माझीबी आहे. मी तुला नाही म्हणायला कधी शिकवलंच नाही."

मी केबिनमध्ये गेलो. शहासाहेबांना सगळं सांगितलं आणि दोष माझ्यावर घेतला. तो माझाच होता. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ठीक है, आप को बाद में देखूँगा। पण मास्तर तर जाणारच."

"जाऊ द्या," मी म्हणालो, "पण एकदम नको. जुन्या रीतीनं जाऊ द्या. त्यांच्याकडे जे आहे ते अजून माझ्याकडे आलेलं नाही."

"ज्याला दिसत नाही तो काय शिकवणार?"

"तेच पाहायचंय. घाटाचा माल पुन्हा उभा करायचा असेल तर दुसरा रस्ता नाही, साहेब."

साहेब व्यवहारी होते. घाटाचं नाव त्यांनाही हवं होतं. होळीपासून दिवाळीपर्यंत नानांनी रोज अर्धा दिवस यायचं, पास मात्र काही करायचं नाही, असं ठरलं. माझी बढती त्यांनी अडवून ठेवली. ते योग्यच झालं.

पहिल्या दिवशी मला वाटलं नाना येणार नाहीत. आले. स्टूल ओढलं आणि खिडकीकडे पाठ करून बसले.

"टाक तागा. काय दिसतं, बोल."

"पांढरं."

"पांढरा बगळाबी असतो आणि राखबी. कसं पांढरं?"

मला शब्द सापडेनात. इतकी वर्षं पाहिलं होतं, पण सांगायची वेळ आली नव्हती. नाना काठी आपटत म्हणाले, "घरी भात करतात ना? तांदळाचं पहिलं धुवण की दुसरं?"

मी पुन्हा पाहिलं. "पहिलं."

"मग अजून भट्टीची घाण आहे. ब्लीच नको वाढवू, धुवायला कमी पडलंय. पाणी बदल."

पाणी बदललं आणि कापड खरोखर खुललं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, पिवळेपणा एक नसतो. भट्टीचा वेगळा, ब्लीच कमी पडल्याचा वेगळा, तेजाब नीट न धुतल्याचा वेगळा. नानांच्या डोळ्यानं हे सगळं वेगवेगळं ओळखलं होतं आणि तोंडानं आजवर फक्त "उतरवा" किंवा "अजून" म्हटलं होतं. आता डोळा गेला म्हणून तोंडाला काम लागलं.

महिन्याभरात आमची एक भाषाच तयार झाली. लोण्याचं, ताकाचं, शिळ्या मोगऱ्याचं, चुन्याच्या निवळीचं. रशीद त्याची भर घाली. एकदा म्हणाला, "उस्ताद, ये तो बकरे के दाँत जैसा है।"

"जवान बकरा की बूढ़ा?" नाना गंभीरपणे म्हणाले.

"क़ुर्बानी लायक।"

"मग ठीक आहे. एक पाणी अजून."

सूत मेलं की नाही ते त्यांनी कानानं शिकवलं. ताग्याच्या कडेचा एक धागा काढायचा, कानाजवळ धरून तोडायचा. जिवंत सूत तुटताना टचकन बोलतं. मेलेलं गुपचूप सुटतं. मी पदविकेच्या पुस्तकात शिकलेली रसायनं त्यांना सांगे आणि ते ऐकत. म्हणत, "हां, म्हणजे तेजाब राहिलं म्हणून वाळल्यावर पिवळं येत होतं. मला वाटायचं हवा लागते." कुणी कुणाला हरवत नव्हतं. दोघांचं अर्धं अर्धं होतं, ते एका जागी येत होतं.

एकच गोष्ट राहिली होती. मी काय दिसतं ते सांगत होतो, निर्णय नानाच देत होते. साहेबांची ताकीद खात्यात कुणी मनावर घेतली नव्हती. 'उतरवा' अजून त्यांच्याच तोंडात होता. मी तो मागितला नाही. मला अजून वाटत होतं की ते "अजून" म्हणाले तर मीही "अजून" म्हणेन.

पावसाळ्यात नानांनी इंदूरला डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. तेवढे महिने मी खिडकीच्या बाजूला उभा राहून तागा पाही आणि तो शब्द न उच्चारता नुसत्या मानेनं घाणी पुढे सोडी. परत आले ते दिवाळीच्या तोंडावर. त्याच सुमारास मध्य भारतही गेला आणि मध्य प्रदेश झाला. नाना म्हणाले, "शिंदेशाहीत जन्मलो, मध्य भारतात आंधळा झालो, आणि मध्य प्रदेशात रिटायर होतोय. जागचा तर हललो नाही." डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा होता. खात्यातल्या सगळ्यांना आनंद झाला. उस्तादांना पुन्हा दिसतंय. मलाही झाला, आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. आता जबाबदारी पुन्हा त्यांची.

कार्तिक मेळ्यासाठी घाटाचा माल निघाला होता, त्या प्रकारानंतरचा पहिलाच. शहासाहेब स्वतः आले होते. गंगागुरूंनीही आपला माणूस पाठवला होता. तागा दोरीवर टाकला. मी सकाळीच पाहिला होता, धागा तोडून ऐकला होता. माझ्या मते तो चोख होता.

नाना ताग्यासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा चेहरा पडला.

"निळं आहे," ते हळूच म्हणाले. "दत्तू, हे निळं आहे."

घाटाच्या माणसानं शहासाहेबांकडे पाहिलं. रशीद माझ्याकडे पाहत होता. निळीचा डबा त्यानं त्या पहाटेच कुलपात टाकून किल्ली माझ्याकडे दिली होती. किल्ली माझ्या खिशात होती.

मी ताग्याकडे पुन्हा पाहिलं. उघडा डोळा, उत्तरेचा उजेड. नानांनी शिकवलेले सगळे शब्द एकेक लावून पाहिले. एकही दोष दाखवत नव्हता.

"नाही, नाना," मी म्हणालो. "पांढरं आहे."

"निळं आहे म्हणतोय ना मी."

"धुतल्या तांदळाचं पांढरं आहे. तिसरं पाणी. सूत जिवंत आहे. नीळ नाही."

नाना माझ्याकडे वळले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग रशीदच्या कुर्त्याकडे, मग स्वतःच्या धोतराकडे. पुन्हा ताग्याकडे. सगळीकडे पाहून झाल्यावर ते काठीवर दोन्ही हात ठेवून हसायला लागले. जुनं पिवळं भिंग डॉक्टरांनी काढून टाकलं होतं, आणि इतकी वर्षं अडलेला निळा उजेड आता बांध फुटल्यासारखा आत येत होता.

"भिंतबी निळी आहे रे," ते म्हणाले. "साहेबांचा कोटबी. माझा डोळाच नवा आहे, त्याला अजून काही कळत नाही." मग हसू थांबवून ते बाजूला सरले. खिडकीसमोरची जागा रिकामी झाली. "मग उभा काय राहिलास? पांढरं आहे म्हणतोस, तर पुढचं कोण बोलणार?"

मी त्या जागेवर गेलो. तिथून ताग्याचा उजेड वेगळा दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"उतरवा," मी म्हणालो. आवाज सगळ्या खात्यात घुमला.

"आहिस्ता, साहब," रशीद दोरीकडे जात म्हणाला, "कपड़ा बहरा नहीं है।"